दुसऱ्याचे पत्र

आमच्या लहानपणी घरातील भिंतीवर एका वाकविलेल्या तारेला टोचून ठेवलेली पत्रे लोंबत असत. त्यांत बहुतेक पोस्टकार्डेच. कार्ड हे सर्वांचेच. पोस्टमनने ते वाटेत वाचावे, शेजाऱ्यांनी दारात वाचावे, आणि दुपारी मोठी माणसे निजली की आम्ही मुलांनी तार उतरवून पुन्हा वाचावे. परंतु एखादे दिवशी बंद पाकीट येई. ते ज्याच्या नावचे असेल तो घरी येईपर्यंत कोनाड्यात पडून राही. त्याला कोणी हात लावीत नसे. माझ्या वडिलांनी आम्हांला उपदेश असा फारसा कधी केला नाही. मात्र दुसऱ्याचे पत्र फोडावयाचे नाही, हा एक नियम त्यांनी कडकपणे पाळून घेतला. त्या पाकिटांत गुपिते होती असे मुळीच नव्हे. आईच्या माहेरची खुशाली, थोडी रडकथा, क्वचित पैशांची अडचण, याहून अधिक काही नसे. तरीही ते कोणी वाचावे हे आईनेच ठरवावयाचे होते.

हे सांगण्याचे कारण असे की, इंटरनेटवरील खाजगीपणाचा विषय निघाला म्हणजे बहुतेक जण एक ठराविक वाक्य बोलतात : 'आमच्याजवळ लपविण्यासारखे काहीच नाही, मग भय कसले?' ह्या वाक्यात गुप्तता आणि खाजगीपणा ह्या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. कोनाड्यातल्या त्या पाकिटाला हा फरक ठाऊक होता.

आपल्या न्यायालयांना मात्र तो मान्य करावयास बराच काळ लागला. उत्तर प्रदेशातील खरक सिंग नावाच्या गृहस्थावर १९४१ साली दरोड्याचा आळ आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. सुटला खरा; पण पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडली. चौकीदार व शिपाई अपरात्री येत, दार ठोठावीत, हाका मारून झोपेतून उठवीत. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला तेव्हा रात्रीच्या ह्या भेटी न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या. परंतु खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नव्हे, असेही बहुमताने सांगून टाकले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. ते अखेर ग्राह्य ठरावयास पंचावन्न वर्षे जावी लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०१२ साली, आधार योजनेसंबंधी याचिका दाखल केली. तिच्या ओघात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

खरक सिंगची हकीकत वाचताना माझे मन एका तपशिलाशी अडखळते. त्याचे दार ठोठावले जाई. आवाज होई, झोपमोड होई, म्हणून तर त्याला तक्रार करता आली. आज जे आपल्या घरात शिरतात ते दार वाजवीत नाहीत.

सामान्य नागरिकाला आपल्या देशात इंटरनेट मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ पासून. प्रारंभी त्यावरून जाणारा बराचसा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडाच जात असे. आता स्थिती सुधारली आहे. अनेक संदेश पाठविणाऱ्याच्या यंत्रावर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या यंत्रावरच उघडतात. मधल्या कोणाला ते वाचता येत नाहीत. म्हणजे कार्डाचे पाकीट झाले. पण पाकिटाला बाहेरची बाजू असतेच. कोणी कोणास लिहिले, किती वाजता, किती वेळा, कोणत्या गावाहून, हे त्या बाजूवर दिसत राहते. एखाद्याने आपले एकही पत्र न फोडता वर्षभर नुसती पाकिटेच पाहिली, तर काय दिसेल? दर मंगळवारी एका इस्पितळाकडे जाणारे पत्र, नंतर वकिलाकडे जाणारी तीन पत्रे, आणि भावाच्या नावची पत्रे एकाएकी बंद झालेली. एवढ्यावरून चतुर माणूस घरातली सारी कथा सांगेल. यंत्र तर ह्या कामात माणसाहून चतुर आहे, आणि त्याला विसर पडत नाही.

हे झाले आपल्या स्वतःच्या पाकिटांविषयी. त्याबाबतीत सावध राहण्याचे काही साधे उपाय आहेत. आधारची प्रत देताना शेवटचे चारच आकडे दाखविणारी प्रत मिळते, ती द्यावी. दुकानदाराने बिलासाठी मोबाइलचा क्रमांक मागितला, तर तो देण्याची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक खात्याने २०२३ साली तसे स्पष्ट केले आहे. मी नकार देतो तेव्हा गल्ल्यावरचा तरुण माझ्याकडे काहीशा करुणेने पाहतो, एवढेच.

मला अधिक बोलावयाचे आहे ते दुसऱ्यांच्या पाकिटांविषयी. आपण मोबाइलवर एखादे साधन घेतो. समजा, अंधारात उजेड पाडणारी विजेरी. ती म्हणते, तुमची नाव-क्रमांकांची यादी पाहू द्या. विजेरीला माझ्या मावसभावाचा क्रमांक कशाला हवा, हा प्रश्न आपण विचारीत नाही. घाईत होकाराचे बटण दाबतो. त्या यादीत चारशे माणसे असतात. डॉक्टर असतात, दुरावलेला मित्र असतो, आपला ठावठिकाणा कोणास कळू नये म्हणून धडपडणारी एखादी लेकही असते. त्यांपैकी एकानेही होकार दिलेला नसतो. तो सर्वांच्या वतीने आपण देऊन टाकतो.

कायदा येथे काय करतो? २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि संस्थांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरले. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी, दिलेली संमती परत घेता यावी, माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशा त्यातील तरतुदी आहेत. सरकारला आपल्या यंत्रणांना ह्यातून वगळण्याची मोकळीक जरा अधिकच आहे, असे माझे मत आहे. परंतु आणखी एक सूट तीत आहे, आणि ती योग्यच आहे. कोणी व्यक्ती आपल्या खाजगी वा घरगुती कामासाठी माहिती वापरील, तर तिला हा कायदा लागू नाही. चुलता आणि पुतणी यांच्यामध्ये शिपाई उभा राहू नये, हे कोणीही मान्य करील. त्यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त वडिलांनी शिकविलेला नियम.

तो नियम माझ्याच हातून मोडला. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीची प्रकृती बिघडली. तिने माझा सल्ला घ्यावा म्हणून तपासणीच्या कागदांची छायाचित्रे मोबाइलवर मला पाठविली. आमच्या आप्तांत दोघे डॉक्टर आहेत. मला वाटले, त्यांचेही मत कळेल. आणि सर्व कुटुंबाचा म्हणून जो समूह आम्ही मोबाइलवर केला आहे, त्यात ते कागद मी टाकले. मनात मायाच होती. दोघाही डॉक्टरांनी उत्तरे दिली, मीही निश्चिंत झालो. आठवडाभराने इंदूरहून एका दूरच्या वहिनींचा तिच्या आईला फोन आला. त्या आमच्या समूहातही नाहीत. त्यांनी आजाराचे नाव घेऊन विचारपूस केली, आणि शेवटी 'मग आता लग्नाचे कसे करणार?' असा प्रश्न केला. मी ते कागद समूहातून काढून टाकले; पण तोवर ते कोणाकोणाच्या मोबाइलवर पोहोचले होते हे सांगावयास कोणीच उरले नव्हते.

पुतणी मला काही बोलली नाही. एकदाही नाही. पुढच्या तपासण्यांचे कागद मात्र तिने मला कधी पाठविले नाहीत. 'बरी आहे, काका,' एवढेच उत्तर येऊ लागले. पोस्टकार्डावर लिहावे तसे.

हे भाषण लिहावयास घेतले तेव्हा मी तिला फोन केला, आणि ही हकीकत आकाशवाणीवरून सांगितली तर चालेल का, असे विचारले. असे विचारण्याची माझी ही पहिलीच वेळ. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'सांगा, काका. पण माझे नाव घेऊ नका, आणि आजाराचेही घेऊ नका.'

ती दोन्ही मी घेतलेली नाहीत.