दहा सूचकांचा उंबरठा

हिंगोली, वसमत व कळमनुरी या तिन्ही विधानसभा मतदारसंघांत शेतमजूर आणि बागायतदार यांच्या मताचे मोल सारखेच आहे; उमेदवारीचा हक्क मात्र केवळ कागदावर सारखा आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला, तसेच नोंदणी असूनही मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला, त्याच मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून आणावे लागतात.

ही अट 1996 च्या कायदादुरुस्तीने आली. त्याच वर्षी बेळगावात सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषक मोठ्या संख्येने उभे राहिले आणि लोकसभेच्या एका जागेसाठी 456 उमेदवार झाले. नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याच्या निषेधातून 480 झाले. गाऱ्हाणे ऐकण्याऐवजी दारच अरुंद करण्यात आले. विधानसभेची अनामत 250 रुपयांवरून 5,000 वर गेली. 2010 पासून ती 10,000 आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. 2025-26 च्या रोजगार हमीच्या 312 रुपये दराने दहा हजार म्हणजे बत्तीस दिवसांची मजुरी. हौशी उमेदवारांना आळा बसावा, हे त्याचे समर्थन. पण पैसेवाल्या हौशीला एवढ्या रकमेचे भय कधीच नव्हते.

पैशाहूनही सूचकांची बाब नाजूक आहे. ज्याच्या शेतावर पोट चालते त्याच्या विरोधातील अर्जावर सही करणे सोपे नाही, आणि ती सही गावात लपत नाही. एप्रिल 2024 मध्ये सुरतेत सूचकांनी सह्या आपल्या नसल्याचे सांगताच काँग्रेस उमेदवाराचे अर्ज बाद झाले; उरलेल्यांनी माघार घेतली आणि भाजपचा उमेदवार मतदानाविना निवडून आला. जेथे एकच सूचक लागतो त्या पक्षाची ही गत, तेथे दहांची जमवाजमव करणाऱ्याने काय करावे?

किरकोळ त्रुटीसाठी अर्ज फेटाळू नये, असे 1951 चा कायदा सांगतो. पण किरकोळ काय, हे प्रथम निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. त्यावर निकालापूर्वी न्यायालयात दाद नाही, हे पोन्नुस्वामी खटल्यात 1952 सालीच ठरले. निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते. तोवर दुसराच आमदार झालेला असतो.

म्हणून सूचकांची संख्या सर्वांना सारखी असावी आणि अनामतीऐवजी अधिक मतदारांच्या सह्या भरण्याची मुभा असावी, ही मागणी लावून धरली पाहिजे. तोपर्यंत एकाच अनामतीवर चार अर्ज भरता येतात, याचा कार्यकर्त्यांनी उपयोग करावा. प्रत्येक अर्जाला वेगळे दहा सूचक घ्यावेत, त्यांची नावे मतदारयादीशी ताडून पाहावीत, आणि शेवटच्या दिवशीच्या दुपारच्या तीनवर विसंबू नये.