चुना, मेंदू आणि माझी सही

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, व्यसनावर दहा मिनिटं बोला." मी काही डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत गेलं. पण या विषयाचं एक खातं माझ्याही नावावर आहे, म्हणून उभा राहिलो.

मध्यंतरी टीव्हीवर मुंबईत कोकेन पकडल्याची बातमी सुरू होती. नातू म्हणाला, "आबा, कोकेननं नेमकं होतं काय?" मला सांगता येईना. मग वाचलं, डॉक्टर मित्राला विचारलं. जे समजलं ते असं.

आपला मेंदू साधारण 1400 ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के एकटा खातो. शिल्लक मात्र काहीच ठेवत नाही. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. कोकेन नेमकं इथेच घाव घालतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब एकदम चढतो, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तिशीतल्या धडधाकट माणसालाही लकवा होऊ शकतो किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरा घाव मज्जापेशींवर. आनंद झाला की एक पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडते, दुसरी तो निरोप घेते आणि उरलेलं डोपामिन पहिली पेशी परत जमा करून घेते. कोकेन ही जमा करण्याची खिडकीच बंद करतं. डोपामिन बाहेर साचतं आणि माणूस काही वेळ हवेत तरंगतो. रोज असं झालं की मेंदू स्वतःच निरोप घेणारी दारं कमी करतो. मग सणाचं जेवण, लेकरांचं हसणं, कशातच मन लागत नाही. पुन्हा तीच पुडी हवी होते.

तुम्ही म्हणाल, वर्ध्यात कोकेन कुठे? आपला तर दारूबंदीचा जिल्हा! पण एक गोष्ट ऐका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई-कलकत्त्याला कोकेन चक्क पानात घालून, चुन्यासोबत खात. चुनाच का? चुना क्षारधर्मी असतो. तो लागला की असं द्रव्य गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झटकन रक्तात उतरतं.

आता आपल्या खऱ्र्यात काय असतं ते आठवा. सुपारी, तंबाखू आणि चुना, पन्नीत घोटलेला. म्हणजे तीच युक्ती. फक्त कोकेनच्या जागी निकोटिन. दोन्ही सारखे नाहीत, कोकेन कितीतरी घातक. पण निकोटिनही डोपामिन वाढवतं, रक्तवाहिन्या आकसवतं, रक्तदाब चढवतं. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी ठेल्यावर खर्रा घोटणारे हात काही थांबले नाहीत.

आता माझं खातं उघडतो. मी एकोणतीस वर्षं खर्रा खाल्ला. कॅश मोजताना गालात असायचाच. रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या सकाळी हातातून चहाचा कप सुटला. बोलायला गेलो तर जीभ अडखळली. मला वाटलं, हाताला मुंग्या आल्या असतील. जाऊन झोपलो! दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली होती. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब आणि तंबाखू, दोघांनी मिळून केलं."

सहा महिन्यांनी चेक लिहिला, तो परत आला. शेरा होता, सही जुळत नाही. आयुष्यभर हाच शेरा मी लोकांच्या चेकवर मारला होता. त्या दिवशी मी एकटाच बसून रडलो. खर्रा त्याआधीच सुटला होता, पण सही अजून पूर्वीसारखी जमत नाही.

याहून मोठी उधारी दुसरी आहे. मुलगा आठ वर्षांचा असताना मी त्याला ठेल्यावर पाठवायचो, "जा रे, बाबाचा खर्रा आण." आज त्याच्याही खिशात पन्नी असते. सवय मी लावली, असं तो कधी म्हणत नाही. पण मला माहीत आहे.

म्हणून दोन विनंत्या. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर झोपू नका, मालिश करत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. आणि दुसरी, आपल्या सोसायटीतल्या कोणत्याही लेकराला खर्रा आणायला पाठवू नका. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं 2003 च्या कायद्यानं गुन्हा आहेच, पण पाठवणारे आपणच असतो.

पंचवीस वर्षांत आपण पाण्यासाठी, लिफ्टसाठी, पार्किंगसाठी कितीतरी ठराव केले. हा एक बिनविरोध मंजूर करा. त्याखाली सही करायला मी येतो. वाकडी असेल, पण माझीच असेल.