लग्नाचा फोटो आणि दोघांची तयारी



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही लग्नाच्या फोटोवर बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. पण जळगावच्या चटई कारखान्यांतली नि डाळ गिरण्यांतली आणि धुळ्याच्या यंत्रमागांवरची पोरे लग्नासाठी उचल घेतात, तेव्हा तिच्यातला केवढा वाटा फोटोंकडे जातो, हे आम्ही पाहत आलो आहोत. उचल फिटता फिटत नाही, आणि अल्बम उघडावा तर नवरानवरी परक्यासारखी उभी! असे का व्हावे?

आमचे उत्तर साधे आहे. तयारी सारे घर करते. ज्यांचे लग्न आहे ती दोघे मात्र एकत्र बसून काहीच ठरवीत नाहीत.

चांगला फोटो पैशाने होतो की तयारीने, याचा दाखला आपल्या खानदेशातच आहे. चाळीसगावचे केकी मूस हे १९१२ साली जन्मले आणि १९८९ साली वारले. आयुष्याचा फार मोठा काळ त्यांनी घराबाहेर न पडता काढला. घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यांवर हवा तसा उजेड पाडायचा आणि त्यातून देखावा उभा करायचा, ही त्यांची रीत. त्या छायाचित्रांनी पुष्कळ बक्षिसे मिळविली. देखावा शोधायला त्यांना दूर जावे लागले नाही. मग आपल्या पोरांनीच उसन्या मोटारीपुढे उभे राहण्यासाठी कर्ज का काढावे?

आता तयारी म्हणजे काय ते सांगतो. पहिली गोष्ट उजेडाची. आपल्याकडे लग्ने ऐन वैशाखात, आणि पारा चाळिशीच्या पुढे. भर दुपारचे ऊन डोक्यावरून पडते, डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. मांडवाचे कापड लाल असेल तर चेहरेही लाल दिसतात. पांढरे असेल तर उजेड मऊ होतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणून दोघांचे फोटो सकाळी लवकर किंवा सायंकाळी सहाच्या सुमारास, एखाद्या निंबाखाली काढून घ्यावेत. गोरज मुहूर्त असला तर आधीच उरकावे. मंगलाष्टके संपल्यावर उजेडही नसतो आणि वऱ्हाडी आहेर घेऊन रांगेत उभे असतात.

दुसरी गोष्ट माणसांची. कोणाकोणाबरोबर फोटो हवा, याची यादी दोघांनी मिळून करावी, आणि दोन्हीकडची माणसे ओळखणाऱ्या एखाद्या मावसभावाच्या हाती द्यावी. नाही तर पुढारी दहा फोटोंत येतात, आणि आदल्या रात्रीपासून बट्ट्या भाजणारी काकू एकाही फोटोत सापडत नाही.

तिसरी गोष्ट चेहऱ्याची. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत नवरा खुर्चीत ऐटीत बसलेला आणि बायको शेजारी मान घालून उभी, असे पुष्कळदा दिसते. आता दोघांनी एकाच पातळीवर बसावे किंवा उभे राहावे. ‘हसा’ म्हटल्याने हसू येत नाही. कॅमेरा विसरून एकमेकांशी बोलावे, हसू आपोआप येते. नेहमीचा चष्मा असेल तर तो काढू नये. आणि छायाचित्रकाराला आधीच बजावावे, की बाबा, आम्हांला गोरे करू नकोस. शेतात नि कारखान्यात राबून रापलेला रंग हा आपला रंग आहे. तो पुसून काढावा अशी त्यात लाजिरवाणी गोष्ट कोणती?

चौथी गोष्ट पैशाची. आधी आकडा ठरवा, मग फोटो ठरवा. किती तास, किती छापील प्रती, कोणत्या दिवशी हातात, इसार किती, हे कागदावर लिहून घ्या. छायाचित्रकारही श्रमाचाच धनी आहे. ठरलेल्या तासांपलीकडे राबवायचे तर त्याचे वेगळे पैसे द्या, आणि त्याच्या पोरांना पहिल्या पंगतीला बसवा.

हे सारे ठरवायला दोघांना एकत्र बसावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. आजही कित्येक घरांत साखरपुड्यापासून हळदीपर्यंत मुलगामुलगी मोकळेपणी तासभर बोलत नाहीत. मुलीला फोटो कसा हवा, हे तर कोणी विचारीतच नाही. म्हणून आईबापांकडे आमची मागणी एकच. लग्नाआधी एक संध्याकाळ या दोघांना द्या. मेहरूण तलावाच्या काठी बसू द्या, पांझरेच्या काठाने फिरू द्या. फोटोचा खर्च ठरवता ठरवता ती घरखर्चाचे बोलतील, आणि यादी करता करता कोणाचा मान कसा राखायचा तेही बोलतील. संसारातला पहिला ठराव त्यांनी दोघांच्या संमतीने केलेला असेल. अशी दोघे कॅमेऱ्यापुढे आली, तर त्यांच्या तोंडावरचा परकेपणा गेलेला दिसेल. त्यासाठी उचल घ्यावी लागत नाही.