वठणाऱ्या झाडाची परीक्षा

परसातील जुना आंबा वठू लागला म्हणजे घरात दोन मते होतात. कोणी म्हणतो, खत घाला. कोणी म्हणतो, कुऱ्हाड लावा. परंतु दुखणे ओळखल्यावाचून केलेला उपचार बहुधा व्यर्थ जातो, आणि कुऱ्हाडीची चूक तर सुधारताही येत नाही.

बालाघाट जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९९६ ते १९९८ या काळात मंडला-बालाघाटकडील सालवनांत साल पोखरणाऱ्या किडीची भयंकर साथ आली. लाखो वृक्ष पोखरले गेले, आणि कोणते तोडावेत व कोणते राखावेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. या किडीचे भुंगेरे पावसाळ्याच्या आरंभी बाहेर पडतात व खोडावर अंडी घालतात. अळी आत शिरून लाकूड पोखरते. बुंध्याशी साचलेला भुसा ही तिची ठळक खूण. तिच्या बंदोबस्ताचा उपायही तिच्या सवयीतूनच निघाला. सालवृक्षाचा ताजा ओंडका ठेचून ठेवला की रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात. मग ते वेचून नष्ट करता येतात.

आंब्यावरील भिरूड ही याच किडीच्या कुळातली. तेव्हा श्रोतेहो, तपासणी बुंध्यापासूनच आरंभावी. खोडाला छिद्र असून त्यातून भुसा गळत असेल, तर आत अळी आहे असे समजावे. आकडी केलेल्या तारेने ती ओढून काढावी, रॉकेलात भिजवलेला बोळा छिद्रात घालावा आणि ओल्या मातीने तोंड लिंपावे. खोडावर मातीचे पापुद्रे दिसल्यास ती वाळवी होय. साल फुटून डिंक वाहत असेल, तर कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत खरवडून बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. वाळत्या फांदीवर निराळ्याच पानांचा हिरवा झुबका दिसला, तर ते बांडगूळ. त्याच्या खालून फांदी छाटावी.

यांपैकी काहीच न आढळल्यास मुळांकडे पाहावे. बुंध्याभोवती फरशी घातली आहे काय? मोरीचे पाणी तेथे तुंबते काय? मुळे गुदमरली की शेंडा प्रथम वाळतो, आणि दोष मात्र किडीवर जातो.

शेवटी नखाने फांदीची साल किंचित खरवडावी. आत हिरवी ओल दिसली, तर ती फांदी जिवंत आहे. अशा झाडाला निदान एक पावसाळा तरी अवधी द्यावा.