भरवेलीची खाण आणि खाणशास्त्राची पदवी



बालाघाटजवळच्या भरवेली गावात खाण म्हणजे काय, हे मुलांना शिकवावे लागत नाही. वडील पाळीवर जातात, पाळी संपवून परततात, एवढ्यावरून मूल खाण ओळखू लागते. परंतु खाणकाम हा विद्यापीठात चार वर्षे अभ्यासावयाचा विषय आहे, ही गोष्ट त्याच घरात पुष्कळदा ठाऊक नसते. खाणीत नोकरी म्हणजे अंगमेहनत, असाच समज रूढ आहे.

ज्या खाणीच्या सावलीत ही मुले वाढतात, ती लहानसहान नव्हे. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि आता मॉइल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची ही सर्वांत मोठी खाण होय. मँगनीजच्या भूमिगत खाणींत ती आशियातील सर्वांत खोल खाणींपैकी एक गणली जाते. येथील खनिज तिरप्या पट्ट्याने खोल उतरत जाते. ते काढून घेतल्यावर मागे पोकळी उरते आणि ती तशीच सोडली तर बाजूचा खडक ढासळावयाचा. म्हणून पाण्यात कालवलेली वाळू नळाने खाली सोडून पोकळी भरतात. पाणी निथळले की त्याच वाळूवर उभे राहून कामगार वरचे खनिज काढतात. याप्रमाणे काम खालून वर सरकत जाते.

या एका कृतीत पदवीचे निम्मेअधिक विषय सामावले आहेत. पट्टा कोठे वळला हे भूशास्त्र सांगते, खालच्या वाटा नकाशावर अचूक उतरविणे हे सर्वेक्षणाचे काम. छत किती भार पेलील, आधार कोठे द्यावा, याचा हिशेब खडक-यांत्रिकीत मांडतात. सुरुंगाचा धूर बाहेर घालवून ताजी हवा आत खेळविणे हे वायुवीजनाचे शास्त्र आहे, आणि त्याच्या गणितात चूक झाली तर ती उत्तरपत्रिकेपुरती राहत नाही. (या पट्ट्यातील मँगनीजयुक्त खडकाला शास्त्रज्ञ फर्मोर यांनी 'गोंडाइट' हे नाव दिले, ते येथील गोंड जमातीवरून. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आज तो शब्द आढळतो.)

खाणशास्त्राचे शिक्षण देणारी धनबादची संस्था १९२६ साली सुरू झाली. २०१६ पासून ती आय.आय.टी. आहे. भरवेलीकरांना त्याहून जवळचे म्हणजे नागपूर. तेथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खाण अभियांत्रिकीची पदवी मिळते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे आणि राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी, हा मार्ग. पदविका घेऊन पुढे पदवीकडे वळणारेही असतात.

मात्र पदवी हाती आली म्हणजे खाणीचा कारभार हाती आला, असे नाही. प्रत्यक्ष खाणीत ठरावीक काळ काम केल्यावर व्यवस्थापकाच्या सक्षमता प्रमाणपत्राची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्रही लागते. वर्षानुवर्षे खाली उतरणाऱ्या जुन्या कामगाराकडून नवा पदवीधर जे शिकतो, ते या काळात. छतावर लोखंडी कांब ठोकून निघालेल्या आवाजावरून सैल दगड ओळखणारे कान पुस्तकातून येत नाहीत.

मुलींच्या बाबतीत हा मार्ग दीर्घकाळ बंदच होता. १९५२ च्या खाण अधिनियमाने स्त्रियांना भूमिगत कामास मनाई केली होती, तेव्हा त्यांनी ही पदवी घेऊन करावयाचे काय, असा प्रश्न केला जाई. नागपूरच्या डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. भारतातील पहिल्या महिला खाण अभियंता म्हणून त्या ओळखल्या जातात. पुढे २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत भूमिगत खाणीत काम करण्याची मुभा दिली. त्यासाठी त्यांची लेखी संमती आवश्यक ठरविण्यात आली.

अकरावीत गणित सोडले की ही वाट तेथेच बंद होते. यास्तव शिक्षकांनी हा विषय बारावीच्या निकालापर्यंत न लांबविता दहावीच्या वर्गातच, मुलामुलींपुढे आणि शक्य तेव्हा त्यांच्या पालकांपुढे, मांडावा.