उतरणारा डबा, चढणारा डबा



इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात समुद्रकाठी लिनमथ आणि त्यावरच्या कड्यावर लिन्टन अशी दोन गावे आहेत. मधला चढ सुमारे ५०० फुटांचा. बोटीने आलेला कोळसा पूर्वी घोड्यांच्या बळावर वर जाई. प्रकाशक जॉर्ज न्यून्स यांनी पैसा उभा केला, अभियंता जॉर्ज मार्क्स यांनी काम पाहिले आणि १८९० मध्ये ८६२ फूट लांबीची कडारेल्वे सुरू झाली. शेरलॉक होम्सच्या कथा छापणारे ‘स्ट्रँड’ मासिकही याच न्यून्स यांचे.

मी तिच्यात बसलो आहे. इंजिन नाही, विजेची मोटर नाही. वर कप्पी, तारदोराच्या दोन टोकांना दोन डबे, प्रत्येकाखाली ७०० गॅलनची टाकी. वरच्या डब्यात वेस्ट लिन नदीचे पाणी भरतात, खालचा आपले पाणी सोडून देतो. वरचा जड झाला की ब्रेक सैल करतात. तो उतरतो आणि खालच्याला वर ओढतो. नववीत बाईंनी शिकवलेली कप्पी ती हीच! आजही ती माणसे वाहते आहे.

वर पोचलेला डबा तिथेच थांबला, तर खालचा हलणार नाही. आपल्यातले बरेच जण आज वर पोचलो आहोत. दहावीच्या मुलांना शनिवारी दोन तास गणित-विज्ञान शिकवायला माणसे हवी आहेत. पहिले नाव मी लिहिले आहे. वही दाराशी ठेवली आहे.