केस गेले, ऊन तेच
2025 च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले, अन् आपण 'टक्कल व्हायरस' म्हणून हसून मोकळे झालो.

आता विचार करा. किमोमुळे केस गेलेली एक ताई मे महिन्यात कंधारहून एसटीनं नांदेडला निघालीय. विगखाली घाम वाळत नाही, खाज सुटते. मग काय करायचं? आत पातळ सुती टोपी घाला, ओली झाली की बदला. सिंथेटिक विग चुलीजवळ नको, त्याचे केस आकसतात. घरी तो काढूनच ठेवा. बाहेर सुती स्कार्फ किंवा दस्ती बेस्ट. उघडी टाळू उन्हात लवकर भाजते.

आणि आपण? टक लावून बघायचं नाही. खिडकीची जागा तेवढी द्यायची.